जुन्या इंजिनाचा दम

शिरगावचा समुद्रकिनारा पाहावयास मुंबईहून जाणारी मंडळी बहुधा किल्ल्यात एक फेरी मारतात, १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेल्या त्या तटावरून समुद्र न्याहाळतात आणि सुरूच्या सावलीत शिदोरी सोडून संध्याकाळच्या गाडीसाठी पालघरास परततात. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पोटात काय आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक शिरगाव, सातपाटी, मुरबे या गावांतील कित्येक संसारांचा भार त्या पोटातील एका काळ्या, तेलकट यंत्रावर असतो.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. होड्या शाकारल्या जातात, जाळी विणली जातात, आणि इंजिनांची खरेदी-विक्रीही याच दिवसांत होते. नवे इंजिन घेण्याइतकी ऐपत प्रत्येक नाखव्याची नसते. कोणी दुसऱ्या होडीतले वापरलेले इंजिन घेतो, तर कोणी मालमोटारीतून उतरविलेले इंजिन होडीत बसवितो. वरून रंग दिलेले इंजिन सर्वांनाच देखणे दिसते. रस्त्यावर मोटार बंद पडली तर उतरून ढकलता येते. किनाऱ्यापासून दहा-वीस मैलांवर, वारा फिरला असता इंजिन बंद पडले, तर तांडेल आणि खलाशी यांनी काय ढकलावे?

म्हणून घेणाऱ्याने पहिली परीक्षा करावयाची ती रंगाची नव्हे, दाबाची. यंत्रकारागीर त्याला ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि ते गेले की ‘इंजिनात दम नाही’ असे बोलतात. १८७६ साली निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने यशस्वी करून दाखविलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार धावा असतात. पहिलीत हवा आत येते, दुसरीत ती दाबली जाते, तिसरीत इंधन पेटून दट्ट्या जोराने खाली जातो आणि चौथीत धूर बाहेर पडतो. पेट्रोलच्या इंजिनात पेटविण्यास ठिणगी असते. १८९७ साली रुडॉल्फ डिझेल याने आउग्सबुर्ग येथे जे इंजिन चालवून दाखविले त्यात ठिणगीचे काम हवेच्या उष्णतेकडे दिलेले होते. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, हा अनुभव घरोघरच्या मुलांना असतो. डिझेल इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतकी कोंडली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेंटिग्रेडच्या पुढे जाते. त्या हवेत तेलाची फवार सोडली की ती आपोआप पेटते. हवा कोठून तरी निसटली की उष्णता नाही, आणि उष्णता नाही म्हणजे आग नाही.

हवा निसटण्याच्या वाटा मुख्यतः तीन: दट्ट्याभोवतीच्या झिजलेल्या रिंगा, नीट न बसणाऱ्या झडपा, आणि सिलिंडरच्या माथ्याखालचे फाटलेले गॅस्केट.

व्यवहारास गेलेल्या माणसाने प्रथम इंजिनाच्या माथ्यावर नुसता हात ठेवावा. ते कोमट लागले तर विकणाऱ्याने आधीच चालवून ठेवले आहे असे समजावे, कारण दमलेले इंजिन गरम असताना बरे सुरू होते, आणि पहाटेच्या गारव्यात खरे रूप दाखविते. मग उद्या सकाळी येतो असे सांगून सरळ घरी जावे. तेल कोणते घातले आहे तेही विचारावे. प्रमाणापेक्षा जाड तेल झिजलेल्या रिंगांचे पाप काही दिवस झाकून ठेवते.

हँडलाने फिरवावयाच्या लहान इंजिनास उपकरणाचीही गरज नाही. दाब सोडण्याची कळ बंद ठेवून जड चाक हळूहळू फिरविले, की एका जागी ते अडते आणि सोडताच उलट उसळी घेते. ती उसळी जोरकस असावी. चाक न अडता मऊपणे पुढे सरकले, किंवा अडल्यावर फुसफुस असा आवाज होऊन सैल पडले, तर हवा निसटत आहे हे नक्की.

अनेक सिलिंडरांच्या इंजिनास मात्र दाबमापक लावावे. इंजिन गरम करून, इंधन बंद करून, नोझलच्या जागी मापक बसवून, भरलेल्या बॅटरीवर ते पाच-सहा वेळा फिरवावयाचे. चांगल्या डिझेल इंजिनात साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला २५ ते ३५ किलो दाब मिळतो. नेमका आकडा कारखान्याच्या पुस्तकात असतो. तथापि एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका होय. तो दहा टक्क्यांच्या आत असला तर चिंता नाही.

एखादा आकडा कमी आला की पुष्कळ लोक घाबरून सौदा मोडतात, आणि हीच खरी चूक. त्या सिलिंडरात लहानसा चमचाभर इंजिनतेल सोडून पुन्हा मापावे. अधिक तेल घालणे मात्र घातक. तेल दबत नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. आकडा चढला तर तेलाने रिंगांची फट क्षणभर बुजविली असा अर्थ, आणि त्यावरचा उपाय म्हणजे रिंगा, कदाचित लाइनरही, म्हणजेच मोठा खर्च. आकडा होता तेथेच राहिला तर दोष झडपांचा किंवा गॅस्केटचा. त्यातही आधी टॅपेटची फट पाहावी. ती फट मुळीच उरली नसेल तर झडप पुरती मिटत नाही, आणि पान्याच्या अर्ध्या तासाच्या कामाने मेलेले समजलेले इंजिन उभे राहते. ज्याला हे ठाऊक आहे तो दुसऱ्याने टाकलेले इंजिन स्वस्तात घेऊन जातो.

घेतलेल्या इंजिनाचे वैर चालण्याशी नसून पडून राहण्याशी असते. कॅनडासारख्या हिमप्रदेशात बर्फावरची गाडी उन्हाळाभर कोठीत पडून असते. तिच्या मालकाचे आणि शिरगावच्या नाखव्याचे दुखणे एकच, फक्त ऋतू निराळा. येथे त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. वापरलेल्या तेलात आम्लाचा अंश साठतो, म्हणून ते होडी ओढल्यावर लगेच बदलावे, पुढच्या हंगामाच्या तोंडावर नव्हे. थंडाव्याच्या नळ्यांतील समुद्राचे पाणी काढून गोड्या पाण्याने त्या धुवाव्या. इंधनाची टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवेचे पाणी जमत नाही. धुराड्याच्या तोंडाला बोळा द्यावा आणि आठवड्यातून एकदा, दाबाची कळ उघडून, चाक हाताने दोन-चार फेरे फिरवावे, म्हणजे रिंगा एकाच जागी गंजून चिकटत नाहीत. हे शेवटचे काम घरातल्या पोरालाही सांगता येते, आणि बहुधा तेच विसरले जाते.

मापाचे आकडे मात्र लिहून ठेवावे, मग ते होडीच्या फळीवर खडूने का होईना. गेल्या वर्षी चारही सिलिंडर २७-२८ दाखवीत होते आणि यंदा तिघे २६ वर असून दुसरा २२ वर आला, तर इंजिन अजून सुरळीत धावत असले तरी त्या सिलिंडराचा माथा उघडावयाचा तो गणपती झाल्यावर नव्हे, होडी पाण्यात जाण्यापूर्वीच.