पहिली पट्टी आणि रक्ताचा अहवाल

हृदयविकाराच्या झटक्याचे निदान हे एकट्या हृदयरोगतज्ज्ञाचे काम नव्हे. छातीवर इलेक्ट्रोड लावणारा आणि रक्ताचा नमुना घेणारा हात तज्ज्ञाच्या कितीतरी आधी रुग्णापर्यंत पोहोचतो, म्हणूनच या परिषदेचे निमंत्रण ठिकठिकाणच्या रुग्णालयांतील डॉक्टर, परिचारिका, ईसीजी तंत्रज्ञ व प्रयोगशाळा तंत्रज्ञ या सर्वांना दिले आहे.

नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंथोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचा विद्युत् आलेख, म्हणजे ईसीजी, काढला, तेव्हा रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. तरीही १९०५ मध्ये त्यांनी रुग्णालयातील रुग्णाचा आलेख सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने मिळवला. आज ग्रामीण रुग्णालयातून मोबाइलवर ईसीजीची पट्टी पाठवली जाते, तिचे मूळ या प्रयोगात आहे. पुढे १९२० मध्ये न्यू यॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी झटक्याच्या वेळी एसटी भाग, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विद्युत् लहर पसरून झाल्यानंतरचा एरवी सपाट असणारा भाग, वर उचलला जातो हे दाखवून दिले.

छातीत दुखणारा रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत पट्टी काढून वाचली गेली पाहिजे, हा दंडक जगभर मान्य आहे. वाचणे मात्र तेवढ्यावर थांबत नाही. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे ठरावीक कोनांतून पाहणाऱ्या नोंदींमध्ये, एसटी भाग उंचावून एव्हीएल या लीडमध्ये तो खाली गेला असेल, तर झटका हृदयाच्या खालच्या भिंतीचा असतो, आणि अशा वेळी छातीच्या उजव्या बाजूची लीड घेऊन उजवा खालचा कप्पाही झटक्यात सापडला आहे का हे पाहणे अत्यावश्यक ठरते. कारण तो सापडलेला असताना सवयीने जिभेखाली ठेवलेली नायट्रेटची गोळी रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरवू शकते. पहिली पट्टी निर्दोष दिसली तरी पित्त झाले असेल म्हणून रुग्णाला घरी पाठवणे योग्य नव्हे. दुखणे चालू असेल तर पहिल्या तासात पंधरा ते तीस मिनिटांच्या अंतराने ती पुन्हा काढावी लागते.

रक्तचाचणीचा इतिहास १९५४ मधील एसजीओटी या विकरापासून सुरू होऊन सीपीके-एमबी या विकरामार्गे ट्रोपोनिनपर्यंत येतो. ट्रोपोनिन हे स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे प्रथिन असून त्याचे हृदयापुरते असणारे प्रकार हृदयपेशींना इजा झाल्यावर रक्तात उतरतात. पण त्यांना वेळ लागतो. दुखणे सुरू होऊन तासच झाला असताना केलेली ट्रोपोनिनची कार्ड चाचणी नकारार्थी आली, तर तिने काहीही सिद्ध होत नाही. उलट मूत्रपिंडाचा जुनाट विकार, तीव्र जंतुसंसर्ग किंवा फुप्फुसाच्या धमनीतील गुठळी यांतही ट्रोपोनिन वाढते, म्हणून एका आकड्यापेक्षा दोन नमुन्यांमधील चढ-उतार आणि त्याला लक्षणांची किंवा पट्टीची जोड महत्त्वाची मानली जाते. पट्टीवर एसटी भाग स्पष्ट उंचावलेला असताना मात्र अहवालाची वाट पाहत हृदयाच्या धमनीतील गुठळी विरघळवणारे औषध किंवा अँजिओप्लास्टी लांबवणे हे अक्षम्य आहे, कारण त्या अवधीत हृदयाचा स्नायू मरत असतो.

दुखणे केव्हा सुरू झाले, पट्टी केव्हा काढली आणि रक्त केव्हा घेतले या तीन वेळा रुग्णासोबत पाठवलेल्या संदर्भचिठ्ठीवर नसतील, तर पुढच्या रुग्णालयातील डॉक्टरला हाती आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड होते. अशा चिठ्ठीचा एकच नमुना सर्व रुग्णालयांसाठी येथे चर्चेने ठरावा, अशी स्वागत समितीची विनंती असून अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत.