उन्हाळ्यातील रानफुले आणि छायाचित्रे



फुलांचा काळ म्हणजे श्रावण-भाद्रपद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु चैत्र-वैशाखात माळ वाळून उघडा पडतो, त्याच सुमारास बहावा पिवळ्या घोसांनी लवतो, कुडा पांढरा होतो आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अंजनीच्या फांद्यांना निळे गेंद लगडतात.

निसर्गपाठासाठी मुलांना फुले आणावयास सांगण्याची प्रथा जुनी आहे. तिचा हेतू चांगला. परिणाम मात्र विचार करण्याजोगा आहे. चाळीस मुलांनी करवंदीची एकेक फुललेली डहाळी तोडली, तर मे महिन्यात त्या जाळीवर तितकी करवंदे कमी लागतात; आणि करवंदे विकून मीठमिरची आणणारे घर कदाचित त्याच वर्गातील एखाद्या मुलाचे असते. छायाचित्राने फूल वर्गात येते आणि झाडावरही राहते. आज बहुतेक शिक्षकांच्या हाती मोबाइल असल्याने हे काम खर्चाचेही राहिलेले नाही.

तथापि सुंदर छायाचित्र निराळे आणि उपयोगी छायाचित्र निराळे. कुडा आणि काळा कुडा या दोन्ही झाडांची फुले पांढरी, दोघांनाही चीक आणि दोघांच्याही शेंगा जोडीने येतात. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतू असतात, ते कुड्यात नसतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, कुड्याच्या सुट्या राहतात. दुरून घेतलेल्या चित्रात यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक झाडाची किमान चार चित्रे घ्यावीत: संपूर्ण झाड, पानांसह डहाळी, फूल समोरून आणि फूल बाजूने. शेजारी मोजपट्टी धरली म्हणजे आकारही कळतो.

वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची असावी. दुपारच्या उन्हात पांढऱ्या फुलाच्या पाकळ्यांवरील रेषा नाहीशा होतात. ऊन आलेच, तर एका मुलाने छत्री धरावी. फुलामागे शाळेची काळी पाटी धरली असता फूल स्पष्ट उठून दिसते. मात्र पडद्यावर फुलावरच बोट टेकवून प्रकाश जुळवावा, नाहीतर पाटीच्या काळेपणामुळे फूल फिके येते.

प्रत्येक चित्राखाली तारीख, जागा आणि मुलांच्या घरी त्या झाडास असलेले नाव लिहावे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. त्यात अनेक वनस्पतींपुढे फुलण्याचे महिने दिलेले आहेत. गावातील बहावा आज केव्हा फुलतो, हे त्याच्याशी ताडून पाहता येईल. एका वर्षाच्या नोंदीवरून ऋतुमान बदलले, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी तेच झाड वर्षानुवर्षे पाहावे लागते.

येथेच खरी अडचण आहे. शिक्षकाची बदली होते आणि चित्रे त्याच्या मोबाइलबरोबर निघून जातात. यास्तव नोंदवही शाळेच्या दप्तरी असावी, चित्रांची प्रत शाळेच्या संगणकावर ठेवावी आणि सुटीच्या काळात झाडाजवळ राहणाऱ्या मुलांकडे नोंदीचे काम सोपवावे. शिक्षक बदलला तरी बहावा तेथेच उभा असतो. त्याची वहीही तेथेच राहिली पाहिजे.