सांधेरोपणातील रोबो तंत्रज्ञान : अचूकता आणि उपलब्धता



तामिळनाडूतील कुंभकोणमजवळचे साक्कोट्टै हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. भातशेती हा या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा. चिखलात वाकून लावणी करणे, उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालणे यांमुळे गुडघ्यांवर सतत ताण येतो. सांध्यातील कूर्चा झिजली की वेदना वाढतात आणि मजुरीही बुडते. त्यामुळे सांधेरोपण हा वैद्यकशास्त्राइतकाच सामाजिक विकासाचाही विषय ठरतो.

तंत्रज्ञानाची वाटचाल

आधुनिक सांधेरोपणाचा पाया ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी घातला. 1962 मध्ये त्यांनी धातू व पॉलिएथिलीन यांचा कृत्रिम खुबा यशस्वीपणे वापरात आणला. पुढे 1992 मध्ये अमेरिकेतील सॅक्रॅमेंटो येथे ‘रोबोडॉक’ या यंत्राच्या साहाय्याने खुब्याची शस्त्रक्रिया झाली. हे यंत्र आखून दिलेल्या योजनेनुसार मांडीचे हाड स्वतः कोरत असे.

आज प्रचलित असलेल्या अनेक यंत्रणांचे स्वरूप वेगळे आहे. काहींमध्ये सीटी स्कॅनवरून हाडाची त्रिमितीय प्रतिमा तयार होते, तर काहींमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळीच हाडावरील बिंदूंची नोंद केली जाते. हाडांना जोडलेल्या खुणांचा मागोवा कॅमेरा घेतो. हाड किती व कोणत्या कोनात कापायचे, हे शल्यविशारद ठरवतो. यांत्रिक हात मात्र करवतीला ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. रोबो स्वतः निर्णय घेऊन शस्त्रक्रिया करतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

या पद्धतीने कृत्रिम सांधा नियोजित जागी अधिक अचूकतेने बसतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र अचूकता वाढल्याने सांधा अधिक वर्षे टिकतो किंवा रुग्ण अधिक चांगला चालतो, हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. शल्यविशारदाचे कौशल्य, जंतुसंसर्गावरील नियंत्रण आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

खर्च आणि धोरण

यंत्राची किंमत, त्याची देखभाल आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत लागणारे एकदाच वापरावयाचे साहित्य यांमुळे खर्च वाढतो. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी तेव्हा कर वगळून 54,720 रुपये ही कमाल किंमत ठरली. सांधा स्वस्त झाला, तरी रोबोच्या वापराचे शुल्क मात्र या मर्यादेत येत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य विमा कंपन्यांना रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही. तथापि तिच्या भरपाईवर उपमर्यादा असू शकते. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत-प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना ही योजना खुली झाली. सांध्यांची झीज प्रामुख्याने उतारवयात होत असल्याने या निर्णयाचे महत्त्व विशेष आहे.

स्वदेशी दृष्टी आणि नोंदींचे मोल

भारतीय जीवनशैलीला अनुरूप असा सांधा घडवण्याची परंपराही येथे आहे. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी विकसित केलेला ‘इंडस’ गुडघा हे तिचे ठळक उदाहरण होय. उपकरणांची देशांतर्गत निर्मिती वाढली, तर खर्च आटोक्यात येण्यास मदत होईल.

परिणाम जोखण्यासाठी दीर्घकालीन नोंदी अत्यावश्यक असतात. स्वीडनने गुडघेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही 1975 मध्येच सुरू केली. साक्कोट्टै ज्या जिल्ह्यात आहे, त्या तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल 1798 ते 1832) यांनी नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या होत्या, ही बाब येथे स्मरणीय आहे.

नवे तंत्रज्ञान स्वीकारताना म्हणून तीन प्रश्न विचारले पाहिजेत : त्याचा लाभ पुराव्याने सिद्ध होतो काय, वाढीव खर्च कोण सोसणार, आणि जिल्हा रुग्णालयात साधे सांधेरोपण व त्यानंतरची भौतिकोपचार सेवा सुलभ आहे काय? महानगरात रोबो आला, पण साक्कोट्टैच्या शेतमजूर स्त्रीला साध्या शस्त्रक्रियेसाठीही कर्ज काढावे लागले, तर या प्रगतीला सर्वसमावेशक विकास म्हणता येणार नाही.