पहिल्या तासाचे मोल
(इंदूर येथील भाषणाचा मजकूर)



१८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरास निघालेली महाराष्ट्राची एस. टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली व किमान १२ जीव गेले. गाडी एका राज्याची, नदी दुसऱ्या राज्यातली. शोक मात्र एकच! त्या दुर्दैवी जीवांना नदीने अवधीच दिला नाही. परंतु याच मुंबई-आग्रा मार्गावर जखमी होऊन पडणाऱ्या इतरांना तो असतो, आणि तो वाया जाता कामा नये.

आधी उपचार, मग सोपस्कार, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाचे महत्त्व २०१९ साली मोटार वाहन कायद्यानेही मान्य केले. २०२५ च्या केंद्रीय योजनेने अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनामूल्य उपचार देऊ केले. हक्क मिळाला खरा. पण तो बजावायचा कोठे? घाट उतरून निमाडात पडलेल्या जखमीस इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय त्या एका तासात गाठता येईलच, असे नाही.

म्हणून वाटेवरच्या रुग्णालयांना बळ दिले पाहिजे. इमारतीसाठी एकदा अनुदान देऊन सरकारचे कर्तव्य संपत नाही. रात्रपाळीचा शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका, रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित सेवक हे वेतनावर उभे राहतात, कोनशिलेवर नव्हे! त्यांच्यासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद हवी.

अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा किती केंद्रे उघडली, एवढेच विचारू नका. मध्यरात्री तेथे कोण जागे असेल, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा!