रशीदा शेख, जन्म 1 जून



मी डॉक्टर नाही. बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तरी आज दवाखान्याबद्दल बोलणार आहे, कारण गेल्या वर्षी माझी अम्मी थोडक्यात वाचली, आणि झालेली चूक मला माझ्याच धंद्यातली वाटली.

अम्मीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. संध्याकाळी सिस्टर इन्सुलिन घेऊन आल्या. "रशीदा शेख ना?" अम्मी अर्धवट झोपेत म्हणाली, "जी." शेजारी बसलेली माझी बहीण ओरडली, "अम्मीला शुगरच नाही!" दोन खाटा पलीकडे दुसऱ्या रशीदा शेख होत्या. इन्सुलिन त्यांचं होतं. गरज नसताना ते दिलं तर साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं.

भाईजान सिस्टरवर भडकला. मीही भडकलो होतो. पण त्यांनी नाव विचारलं तर होतं. मग चुकलं कुठं?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले. त्यातला एक असा: औषध देण्याआधी किमान दोन खुणा ताडून पाहा, उदाहरणार्थ नाव आणि जन्मतारीख. खोलीचा नंबर खूण म्हणून धरू नका. आता आपल्याकडं बघा. शेख, पठाण, सय्यद, अशा मोजक्या आडनावांत अख्खा मोहल्ला बसतो. शिवाय आधारवर रशीदा, रेशन कार्डावर रशीदाबी, जुन्या केसपेपरवर शेख रशीदा बेगम. आणि जन्मतारीख? शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली 1 जून. आमच्या घरात चौघांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, केक एकच. पलीकडच्या रशीदाखालांना विचारलं, तर त्यांचीही 1 जून!

डेटाबेस शिकताना सुरुवातीलाच सांगतात की नावावर विसंबू नका, प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्या. दवाखान्यानं तो दिलाही होता. अम्मीच्या मनगटावरच्या पट्टीवर छापलेला होता, पण कुणी वाचला नाही. बँकेत पाचशे रुपये काढायला खाते क्रमांक लागतो, आणि इथं "ना?" एवढ्यावर सुई टोचायची? त्या "ना?"नंच घात केला. आजारी, म्हातारं माणूस कशालाही "जी" म्हणतं. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायला हवं.

तेव्हा घरातलं कुणी भरती झालं, की पट्टीवरचं नाव, वय, क्रमांक केसपेपरशी जुळवून घ्या. वॉर्डात त्याच नावाचं कुणी असेल तर लगेच सांगा, दोन्ही फायलींवर ठळक खूण करायला लावा. प्रत्येक इंजेक्शनआधी "हे कशाचं?" विचारा. अदबीनं, पण विचारा.

आरडाओरड्याचं मात्र मला पटत नाही. आमच्या कंपनीत सर्व्हर बंद पडला की काय, कधी, कसं घडलं ते लिहून काढतात, कुणाला दोषी न धरता. नोकरी जाईल अशी भीती घातली, तर पुढच्या वेळी सिस्टर चूक सांगणारच नाही. टळलेली चूकही नोंदली गेली पाहिजे, तरच तिसऱ्या रशीदाला उपयोग.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेखी अर्ज दिला: घटनेची नोंद करा, पट्टी वाचल्याशिवाय औषध देऊ नका. सिस्टरचं नाव मी त्यात घातलं नाही. भाईजान त्यावरून अजून माझ्याशी भांडतो.