मर्फी हिमसेल्फ आणि त्याचे दोन स्वार



पदवीदानाच्या प्रसंगी सांगितल्या जाणाऱ्या यशकथांमध्ये एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते, ती अशी की गुण आणि दोष हे स्वभावात वेगवेगळे नांदतात आणि चिकाटीने दोष काढून टाकला की निव्वळ गुण हाती उरतो. पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन या विषयांचे शिक्षण पूर्ण केलेल्या स्नातकांना हे गृहीतक पारखून घेण्यासाठी अश्वक्रीडेइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल, कारण तेथे ज्या घोड्याला असामान्य म्हणतात त्याचे असामान्यत्व आणि त्याचा उपद्रव ही दोन्ही पुष्कळदा एकाच बळातून निघालेली असतात, आणि एकावर घातलेला घाव दुसऱ्यावरही पडतो. या भाषणात विचारासाठी घेतलेले उदाहरण ब्रिटनमधील आहे. तो घोडा म्हणजे ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी गाजलेला, आयर्लंडमध्ये पैदास झालेला पांढुरका खच्ची घोडा मर्फी हिमसेल्फ, आणि त्याचे दोन स्वार म्हणजे व्हर्जिनिया लेंग आणि इयन स्टार्क.

हे उदाहरण नीट कळण्यासाठी इव्हेंटिंग या क्रीडाप्रकाराची ओळख आवश्यक आहे. एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने लागोपाठ तीन निरनिराळ्या परीक्षा द्यावयाच्या, असे या स्पर्धेचे स्वरूप आहे. पहिली परीक्षा ड्रेसाजची असते; तिच्यात वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा आखीव मैदानात घोड्याने ठरलेल्या चाली, वळणे आणि थांबे शांतपणे करून दाखवायचे असतात आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. दुसरी परीक्षा क्रॉस-कंट्रीची, म्हणजे मोकळ्या रानातून, चढउतारांवरून आणि पाण्यातून, न हलणाऱ्या भरीव अडथळ्यांवरून नेमून दिलेल्या वेळेत दौडत जाण्याची असते, आणि तिसऱ्या परीक्षेत हलक्या धक्क्यानेही पडणाऱ्या दांड्यांवरून, आदल्या दिवसाचा शीण अंगात असताना, काटेकोर उड्या घ्याव्या लागतात. गुणांकन दंडाच्या पद्धतीने होते: क्रॉस-कंट्रीत घोडा अडथळ्यासमोर प्रथम अडला तर वीस दंडगुण, वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला 0.4 दंडगुण आणि शेवटच्या परीक्षेत पाडलेल्या प्रत्येक दांडीला चार दंडगुण मोजले जातात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी ठरतो.

या खेळाचा उगम युरोपातील घोडदळाच्या कसोटीत आहे, आणि 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये तो प्रथम खेळला गेला तेव्हा त्यात भाग घेणारे सैनिकी अधिकारीच होते. संचलनात आज्ञाधारक असणारा आणि तरीही रणभूमीवर स्वाराने न सांगता खंदक ओलांडणारा घोडा सैन्याला हवा होता, आणि या दोन अपेक्षांमधील मूळचा विरोध क्रीडाप्रकारानेही जसाच्या तसा स्वीकारला. घोडा इतका आज्ञाधारक झाला की प्रत्येक पावलासाठी स्वाराच्या हुकमाची वाट पाहू लागला, तर तो ड्रेसाजमध्ये उत्तम ठरतो आणि रानात धोकादायक होतो. तो केवळ स्वतःच्या बुद्धीने चालू लागला, तर याच्या नेमके उलट घडते. महाराष्ट्राला परिचित असलेली अश्वपरंपरा या बाबतीत निराळी आहे. भीमथडीच्या काटक तट्टांकडून मराठा स्वारांनी जी अपेक्षा केली ती कमी दाणावैरणीवर लांबलांबच्या मजला मारण्याची होती, आखीव मैदानातील डौलाची नव्हती, त्यामुळे आज्ञा आणि स्वातंत्र्य यांचा हा विशिष्ट ताण त्या परंपरेत अशा रीतीने तपासला गेला नसावा.

मर्फी हिमसेल्फवर बसून व्हर्जिनिया लेंग यांनी 1986 साली इंग्लंडमधील बर्ली येथील स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील गॉलर येथे त्या प्राइसलेस नावाच्या घोड्यावर विश्वविजेत्या झाल्या होत्या, आणि 1983 पासून सलग चार वर्षे बर्लीचे विजेतेपद त्यांच्याकडेच होते. म्हणजे मर्फीच्या पाठीवर जी व्यक्ती होती तिच्या कौशल्याविषयी शंकेला जागा नव्हती. या घोड्याच्या अंगी उडीची जी ताकद होती ती पाहणाऱ्याला थक्क करणारी होती, आणि अडचण नेमकी तीच होती.

ही अडचण समजण्यासाठी ढांग ही कल्पना स्पष्ट केली पाहिजे. घोडा कॅन्टरमध्ये, म्हणजे दुडक्या चालीपेक्षा वेगळ्या, तीन ठोक्यांच्या संथ दौडीत असताना चारही पायांचा एक फेरा पूर्ण करतो त्याला येथे ढांग म्हटले आहे, आणि मार्ग आखताना तिची लांबी साधारण साडेतीन मीटरांहून थोडी अधिक धरतात. दोन अडथळे एकमेकांपासून सुमारे सव्वासात मीटरांवर असतील, तर पहिल्यावरून उतरण्यासाठी आणि दुसऱ्यासाठी उसळण्यासाठी लागणारी जागा वजा जाता मध्ये बरोबर एक ढांग बसते; आणि अंतर त्याच्या निम्मे असेल, तर घोड्याने मध्ये एकही ढांग न टाकता उतरताच पुन्हा उसळावे अशी अपेक्षा असते. मार्ग आखणारा मनुष्य या अंतरांच्या द्वारे घोड्याला आणि स्वाराला प्रश्न विचारत असतो. मर्फीची ख्याती अशी की तो हे प्रश्न स्वतःच्या गणिताने सोडवी: जेथे एक ढांग टाकणे अपेक्षित होते तेथे ती गाळून तो थेट उसळे, आणि उतारावरच्या अडथळ्यांवरून जेथे इतर घोडे जपून खाली उतरत तेथे तो दूरवर झेप घेई. हे इतर कोणत्याही घोड्याला साधले नसते, ही त्याची थोरवी. आणि स्वाराचे शरीर वेगळ्या हिशेबाने सज्ज असताना हे घडे, हा धोका.

अशा घोड्याला आवरण्याचा सर्वांत उघड उपाय म्हणजे लगाम अधिक जोराने खेचणे, आणि तो बहुधा सर्वांत वाईटही असतो. घोड्याचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास असते, म्हणून निव्वळ बळाच्या झगड्यात माणूस हरणार हे ठरलेलेच असते. शिवाय सतत ताणलेल्या लगामाला घोडा टेकतो आणि तोंडातील कडियाळ्याचा दाब हाच त्याला आधार वाटू लागतो. अश्वशिक्षणाच्या शास्त्रात याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्याच्या क्षणातून शिकतो: त्याने योग्य प्रतिसाद देताच पाय किंवा हात सैल झाला, तर तो प्रतिसाद पुढच्या वेळी लवकर मिळतो, आणि दाब सुटलाच नाही तर संकेताचा अर्थच नाहीसा होतो. याच कारणासाठी कसलेला स्वार अर्ध्या थांब्याचा उपयोग करतो. अर्धा थांबा म्हणजे पाठ, मांड आणि बोटे यांनी मिळून घोड्याला क्षणभर थोपवणे आणि लगेच मोकळे करणे, ज्यामुळे त्याचे वजन मागच्या पायांवर येते आणि ढांग आखूड होऊनही जोर कमी होत नाही. हे सगळे वाचायला सोपे आहे, परंतु मिनिटाला साडेपाचशे मीटरांहून अधिक वेगाने उतारावर जाताना, समोर एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीचा भरीव ओंडका असताना, हातातील ताण योग्य क्षणी सोडून देण्यासाठी जे धैर्य लागते ते घट्ट धरून ठेवण्याच्या धैर्यापेक्षा निराळे असते.

लेंग यांच्यापाशी हे धैर्य आणि हे तंत्र ही दोन्ही होती. तरीही इंग्लंडमधीलच बॅडमिंटन या ठिकाणी होणाऱ्या इव्हेंटिंग स्पर्धेत मर्फीने घेतलेल्या एका प्रचंड झेपेत त्या फेकल्या गेल्या आणि त्यांचा घोटा मोडला, आणि ऐंशीचे दशक संपण्यापूर्वी त्यांनी एक असा निर्णय घेतला जो क्रीडाक्षेत्रात विरळा आहे. हा घोडा आपल्यासाठी फार बळाचा आहे हे मान्य करून त्यांनी तो स्कॉटलंडच्या इयन स्टार्क यांना दिला आणि त्याच्या बदल्यात स्टार्क यांचा ग्रिफिन हा घोडा घेतला. दोन प्रतिस्पर्ध्यांनी, जे राष्ट्रीय संघात सहकारीही होते, आपल्या पागेतील पहिल्या फळीचे घोडे असे बदलून घ्यावेत ही घटना त्या वेळी चर्चेचा विषय झाली यात नवल नाही. ऑलिम्पिक इव्हेंटिंगची दारे स्त्रियांना 1964 साली उघडली आणि तेव्हापासून पुरुष व स्त्रिया येथे एकाच तक्त्यात स्पर्धा करतात, हे लक्षात घेता या निर्णयाचा अर्थ स्त्रीची शक्ती आणि पुरुषाची शक्ती अशा ढोबळ भाषेत लावणे अन्यायाचे होईल. लेंग यांचे यश तयारीच्या काटेकोरपणावर उभे होते. प्रत्येक अंतर आधी चालून मोजलेले, प्रत्येक ढांग आधी ठरवलेली, अशा पद्धतीने त्यांनी एकाहून एक मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि मर्फी हा आधी ठरवलेले मोडणारा घोडा होता. कौशल्य कमी पडले असे म्हणण्यापेक्षा दोन उत्तम पद्धती एकमेकींशी जुळल्या नाहीत, हे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

स्टार्क यांची बैठक याच्या दुसऱ्या टोकाची होती. सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ अश्वारोहणाकडे वळलेल्या या स्वाराने 1986 आणि 1988 साली सर वॉटी या घोड्यावर बॅडमिंटन जिंकले होते, आणि दुसऱ्या खेपेस तर ग्लेनबर्नी या आपल्याच दुसऱ्या घोड्यावर दुसरा क्रमांकही मिळवला होता. त्यांचे वैशिष्ट्य असे मानले जाई की घोड्याने अचानक काही वेगळे केले तरी त्यांची मांड सुटत नसे आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाई. मर्फी त्यांच्याकडे आल्यावर गरीब झाला, असे मुळीच नाही. तो ढांगा गाळतच राहिला. फरक इतकाच की आता त्याच्या पाठीवर असा स्वार होता जो गाळलेली ढांग अपघात न समजता संभव म्हणून हिशेबात धरत असे. 1990 साली स्टॉकहोम येथे पहिल्या जागतिक अश्वक्रीडा महोत्सवात न्यूझीलंडचे ब्लाइथ टेट यांनी मेसाया या घोड्यावर सुवर्णपदक मिळवले आणि रौप्यपदक स्टार्क व मर्फी हिमसेल्फ यांना मिळाले. ब्रिटनच्या संघालाही रौप्य लाभले. या निकालाकडे पाहून घोडा अखेर योग्य हातांत गेला असा निष्कर्ष काढणे सोयीचे आहे, पण अपुरे आहे, कारण मर्फीचा मोठा विजय, म्हणजे बर्ली, लेंग यांच्याच हातून झाला होता, आणि त्या घोड्याला ड्रेसाजच्या मैदानात शांत उभे राहायला ज्यांनी प्रथम शिकवले त्यांचा वाटा स्टॉकहोमच्या पदकातही होता. लेंगही रिकाम्या हातांनी राहिल्या नाहीत: 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये आणि 1989 च्या बॅडमिंटनमध्ये त्यांनी मास्टर क्राफ्ट्समन या घोड्यावर अनुक्रमे कांस्यपदक आणि विजेतेपद मिळवले. दीक्षान्त भाषणांतून जिद्दीची स्तुती पुष्कळ होते आणि हस्तांतराची जवळजवळ कधीच होत नाही, याची नोंद येथे करणे अस्थानी होणार नाही.

घोडा एका स्वाराकडून दुसऱ्याकडे जाणे आणि नव्या जोडीने नव्याने सुरुवात करणे याचे भारतीय उदाहरण अगदी अलीकडचे आहे. बंगळूरचे फवाद मिर्झा यांनी जर्मनीच्या बेटिना होय यांनी पूर्वी चालवलेल्या सेन्योर मेडिकॉट या घोड्यावर 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदके मिळवली. अश्वक्रीडेतील वैयक्तिक पदक भारताला 1982 च्या दिल्लीनंतर प्रथमच मिळत होते. त्यानंतर दुखापतीमुळे मेडिकॉट दीर्घकाळ स्पर्धेबाहेर राहिला आणि टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिर्झा यांना इतर घोड्यांवर मिळवावी लागली, तरी प्रत्यक्ष टोकियोत, 2021 साली, ते मेडिकॉटवरच उतरले. ड्रेसाजमध्ये 28.00 दंडगुण, क्रॉस-कंट्रीत अठ्ठावीस सेकंदांच्या उशिराचे 11.20, पहिल्या उडीफेरीत दोन दांड्यांचे 8.00 अशी बेरीज होऊन ते अंतिम पंचविसांत आले आणि तेविसाव्या स्थानावर राहिले. सुधारलेल्या दुखापतीनंतर घोड्याला किती वेगाने न्यावे हा निर्णय येथे स्वाराइतकाच पशुवैद्याचा आणि मोतद्दाराचा असतो, आणि म्हणून त्या अठ्ठावीस सेकंदांकडे केवळ गमावलेले गुण म्हणून पाहणे या सभागृहातील स्नातकांना तरी मान्य होऊ नये.

इयन स्टार्क यांनी 1999 साली जेबी या घोड्यावर तिसऱ्यांदा बॅडमिंटन जिंकले, आणि स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर ते क्रॉस-कंट्रीचे मार्ग आखू लागले. स्कॉटलंडमधील ब्लेअर कॅसल येथे 2015 साली झालेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा मार्ग त्यांनीच आखला होता. दोन अडथळ्यांमधील अंतर किती ठेवायचे, आणि ते अंतर एखाद्या घोड्याने अपेक्षेबाहेर कापले तर त्याला व स्वाराला उतरायला सुरक्षित जागा कोठे राहील, हे ठरवण्याचे काम आता त्यांच्याकडे होते.