परदेशी दिवाण

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरीत २० नोव्हेंबर १८२८ रोजी टी. माधवरावांचा जन्म झाला. घरात मराठी आणि ओसरीबाहेर तमिळ, अशी त्या घराण्याची रीत होती. तंजावरच्या मराठी राज्याच्या आश्रयाने वाढलेली ही कुळे. १७९९ साली तेथील कारभार कंपनीकडे गेला. आणि कंपनीच्या राज्यात वरिष्ठ अधिकाराच्या जागा गोऱ्यांसाठीच राखलेल्या असत. विद्वत्तेला वाव उरला तो संस्थानांत. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण झाले. १८४९ साली माधवराव तेथील राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि नवव्या वर्षी दिवाणपदाचा भार त्यांच्याकडे आला. वय अवघे एकोणतीस!

मल्याळी मुलखात हे लोक परकेच होते. तेथे त्यांना ‘परदेशी ब्राह्मण’ म्हणत. परंतु या परकेपणाने त्यांचे काही अडले नाही. आपली भाषा झाकावी, वेश बदलावा, दुसऱ्या कोणासारखे दिसावे, अशी गरज माधवरावांना कधी पडली नाही. डोक्यावरचे पागोटे तसेच ठेवून ते त्रावणकोरनंतर इंदूरला गेले, तेथून बडोद्याला.

त्याच त्रावणकोरात, पिढ्यान् पिढ्या त्या मातीत राबलेल्या शाणार, म्हणजे आजच्या नाडार, स्त्रियांना खांद्यावर वस्त्र घेण्याची बंदी होती. पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली, स्त्रिया अंग झाकू लागल्या, आणि १८५८ च्या अखेरीस दंगे उसळले. दिवाणांचा पहिला जाहीरनामा रूढीच्याच बाजूने होता. पुढे मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणले, तेव्हा २६ जुलै १८५९ रोजी दरबाराने परवानगी दिली. पण ती कशी? कुडते घालावे, कोळिणींप्रमाणे जाडेभरडे कापड घ्यावे. मात्र उच्च जातीच्या स्त्रियांच्या धर्तीवर पांघरू नये! अंग झाकण्याला आता हरकत राहिली नव्हती. भय होते ते एवढेच, की रस्त्याने जाणारी स्त्री कोणत्या जातीची हे ओळखू येणार नाही.

माधवराव थोर प्रशासक होते यात संशय नाही. राज्याचे कर्ज त्यांनी फेडले, शाळा काढल्या, रस्ते बांधले. म्हणूनच हा जाहीरनामा अधिक खटकतो.

जानेवारी १८९१ मध्ये दहा हजारांवर सह्यांचा ‘मल्याळी मेमोरियल’ महाराजांना सादर झाला. सरकारी जागा परदेशी ब्राह्मणांनी अडवल्या, ही त्यातील तक्रार. त्या वेळचे दिवाण टी. रामराव हेही मराठीच. तिसरी सही होती डॉ. पल्पू यांची. मद्रासेत वैद्यक शिकलेल्या या ईळव तरुणाला जातीपायी जन्मभूमीत नोकरी नाकारली गेली. त्यांनी म्हैसूरची चाकरी धरली. कंपनीच्या राज्यात वाव नाही म्हणून कुंभकोणम्‌चे घराणे ज्या संस्थानात आले, त्याच संस्थानातून पल्पूंना बाहेर पडावे लागले. ४ एप्रिल १८९१ रोजी माधवराव मद्रासेत निवर्तले. १८९६ साली पल्पूंनी ईळवांचा स्वतंत्र अर्ज दिला. त्यावर १३,१७६ सह्या होत्या.

तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा आजही पागोट्यासह उभा आहे. त्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात.